वाढणी

फेब्रुवारीत गोथेनबर्गला चार वाजताच काळोख पडतो.
प्राणिघरातला दिवस मात्र आम्ही ठरवतो :
सातला दिवा लागतो, सातला विझतो,
मधल्या वेळात मी बाटल्या बदलते.

बाटलीत दूध आहे असं वाटतं.
पण याच्यावर साय धरत नाही,
हे उतू जात नाही,
वास म्हणाल तर किंचित, ओल्या खडूचा.
सोयाबीनचं तेल, अंड्याच्या बलकातलं काहीतरी, पाणी,
इतकं बारीक घुसळलेलं
की लोणी यायची वाटच बंद.

सतरा नंबरच्या मानेतल्या शिरेत नळी शिरलेली,
दोन खांद्यांच्या मधून बाहेर निघालेली,
वर फिरकीला टांगलेली,
म्हणजे त्याने कितीही गिरक्या घेतल्या तरी पीळ पडू नये.
डाव्या कुशीत गाठ.
आधी वाटाणा होती, आता जर्दाळू.
तोंडाला काम नाही. तरी सवयीने तो
पुढचे दोन पाय जवळ आणतो
आणि हवाच कुरतडतो.

टोर्केल शेपटीतून रक्त घेतो, यंत्रात फिरवतो.
तांबडं खाली बसतं.
वर निवळ यायला हवं,
येतं ते तांदळाच्या धुवणासारखं.
"कोलेस्टेरॉल चढलंय."
बाटलीत तर ते नावापुरतंच, मी म्हणते, मग आलं कुठून?
"घरातूनच, गुन्वोर."
कॉफीच्या कागदावर तो चित्र काढून दाखवतो :
थेंब चरबी उतरवतात,
आणि रिकाम्या गोणी परत न्यायच्या कशाला म्हणून
भिंतीभिंतींतलं कोलेस्टेरॉल भरून आणतात.
रक्तात दिसतं ते आलेलं नव्हे,
काढून आणलेलं.

निरोगी उंदरांत आकडा चढला, चढायचाच होता.
गाठवाल्यांत तो आधी खाली होता,
चौथ्या दिवशी त्याने निरोग्यांना गाठलं,
पाचव्या दिवशी मागे टाकलं.
टोर्केलने आलेख तीनदा काढला.
"यकृतामुळे असेल. गाठीमुळे असेल.
सहा उंदरांवरून काही ठरत नाही. माहीत नाही."
माहीत नाही हे तो छान म्हणतो,
बाहीला नाक पुसत, शाळकरी पोरासारखा.

मी वाढते.
ती वाढते.
पान कुणाचं मांडलंय
ते बाटलीला कळत नाही.

टेकडीवरच्या इस्पितळात, चौथ्या मजल्यावर, माझी बहीण हर्वोर.
तिच्या खाटेशी हीच बाटली, जरा मोठी.
रविवारी गेले तर अंगरख्यावर हातरुमाल पसरून बसलेली,
लहानपणी मेजावर बसायचो तशी.
"आज काय आहे?" तिने नर्सला विचारलं.
"कालचंच."
"शेपू घालून?"
नर्स नवी होती, तिला हसावं की नाही कळेना.
गालांवर थोडं मांस आलंय, मी हर्वोरला म्हटलं.
खरंच आलं होतं.
खिडकीखालून ट्राम गेली, तिचा उजेड
बाटलीच्या पोटातून सरकला.
तक्ता खाटेच्या पायथ्याशीच लटकत होता,
मी उचलला नाही.
आकडे वाचायची सवय वाईट,
एकदा लागली की माणसाचा चेहरासुद्धा रकान्यात दिसतो.

सोमवारी सतरा नंबरला काट्यावर ठेवलं.
अकरा ग्रॅम जास्त.
वहीत रकाना एकच : वजन.
कुणाचं, त्याला जागा नाही.
मी अकरा लिहिलं, पेन्सिलीने.
त्याला परत ठेवताना तळव्यावर
दोन ऊब लागल्या, एक मऊ, एक घट्ट,
आणि दोन्हींखाली एकच धडधड.

नळीत एक बुडबुडा अडकला होता.
टिचकी मारली. सरकला नाही.
पुन्हा मारली.